अबब, केवढी मोठी झालीस!

आमच्या गावात मुलं आपोआप वाढत नाहीत. बऱ्याच दिवसांनी आलेल्या पाहुण्याने दारात थबकून ‘अबब, केवढी मोठी झालीस!’ असं म्हणावं लागतं, मग ती वाढतात. मुलगा असेल तर ‘झालास’.

यात समजायला अवघड काही नाही. पाहुण्याच्या मनात मुलाचं एक जुनं माप असतं. माणूस लांब राहिला की ते माप आटत जातं. दिवाळीत अंगणात पळणारं पोर मे महिन्यापर्यंत त्याच्या मनात पुन्हा रांगायला लागलेलं असतं. मग तो येतो, दारात उभं असलेलं पोर बघतो, मनातल्या मापाशी ते जुळत नाही, तोंडातून ‘अबब’ निघतं आणि जेवढा फरक असेल तेवढं पोर जागच्या जागी वाढतं. चपला घट्ट होतात. पाहुणा आत येऊन पाणी मागतो.

घरच्यांनी म्हणून उपयोग नसतो. घरचे रोज बघतात, त्यांचं माप रोज नवं होतं. त्यामुळे आमच्याकडे एकत्र कुटुंबातली मुलं बुटकी राहतात. सरनोबतांच्या घरात चार भाऊ एका चुलीवर जेवत होते, तेव्हा त्यांची कॉलेजात जायच्या वयाची पोरं शेंगदाण्याच्या पोत्याएवढी होती. शेवटी भावांनी भांडण काढलं, वाटण्या केल्या, एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशा शपथा घेतल्या आणि दोन वर्षांनी लग्नात भेटून एकमेकांची पोरं वाढवून घेतली. याउलट आमच्या शेजारचे सुभेदार सूर्यवंशी. ते वर्षातून एकदा रजेवर येत. त्यांच्या मुलांना दारातून वाकून जावं लागतं.

मी भालचंद्र तांबट. माझं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आहे. मी कधी गाव सोडून कुठे गेलो नाही. मला हिंडायची हौस नाही. खरं सांगायचं तर कशाचीच फारशी नाही. दिवसभर कुकरच्या शिट्ट्या तपासून माणसाचं डोकं असं होतं की संध्याकाळी कुणी काही नवीन सांगायला लागलं तर नको वाटतं.

माझी बायको सुलक्षणा नाशिकची. तिकडे मुलं आपोआप वाढतात असं ती सांगते. मी वाद घालत नाही. पण आमची केतकी इथे जन्मली, त्यामुळे तिला इथलाच नियम लागू झाला. दुसरीपर्यंत ती व्यवस्थित वाढत होती. मे महिन्यात मामा यायचा, दिवाळीत मावशी, गणपतीत काका. प्रत्येक जण दारात थबकायचा. सुलक्षणा दर खेपेला फ्रॉकची शिवण उसवून द्यायची.

मग सुलक्षणाने मोबाईल घेतला आणि ‘तांबट परिवार’ नावाचा ग्रुप काढला.

आमच्या गावात मुलांचे फोटो पाठमोरे काढतात. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर पोराची पाठ असते आणि समोर केक. पुढारी मंडळींचे चेहरे मात्र समोरून असतात, कारण ती आता वाढणार नसतात. हे सुलक्षणाला मी सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने बघितलं असेल. तिला वाटलं, इथल्या लोकांना फोटो काढता येत नाहीत. तिने हौसेने केतकीचे फोटो समोरून काढले आणि ग्रुपवर टाकले. केतकी वेणी घालताना, केतकी पोहे खाताना, केतकी झोपलेली. रोज. नातेवाईक रोज अंगठा दाखवत. रोज तिचं माप त्यांच्या मनात नवं होत गेलं.

पुढच्या मे महिन्यात मामा आला, दारातून सरळ आत आला आणि म्हणाला, “काय गं, कालच्या फोटोत बाहुलीचा हात तुटलेला दिसला. चिकटवला का?”

केतकी त्या वर्षी वाढली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सुलक्षणाला वाटलं, दूध कमी पडत असेल. मला खरं कारण कळलं तेव्हा मुलगी चौथीत होती. मी सुलक्षणाला समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने मोबाईल तांदळाच्या डब्यात खाली ठेवून वरून झाकण लावलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी तिचं कौतुक करत होते हो.”

फोटो बंद झाले तरी उपयोग झाला नाही. लोकांच्या फोनमध्ये ते होतेच. फोन आता असे निघालेत की कुणी मागितलं नसताना जुने फोटो वर काढून दाखवतात, गेल्या वर्षी आजच्या दिवशी, म्हणून. माप आटायला उसंतच मिळेना.

अशी केतकी दुसरीतल्या मापाची सातवी पास झाली. शाळेत पहिली आली. आमच्या गावात सातवीपर्यंत एक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल. हायस्कूलच्या प्रवेशाला एकच अट आहे. कचेरीतल्या काउंटरच्या वर मुलाचं डोकं दिसलं पाहिजे.

मी तिला घेऊन गेलो. काउंटरमागे गुरवबाई बसल्या होत्या.

“नाव?”

“केतकी भालचंद्र तांबट,” केतकी म्हणाली.

गुरवबाईंनी इकडेतिकडे बघितलं. “कोण बोलतंय?”

“मी. खाली आहे.”

“खाली असून चालत नाही, बाळ.”

“बाई, ती सातवीला पहिली आलीय,” मी म्हणालो.

“नंबर दिसतोय मला. मुलगी दिसत नाही.” गुरवबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पुढे वाकून बघितलं, केतकी दिसल्यावर हसल्या आणि पुन्हा सरळ बसल्या. “असं वाकून बघितलेलं धरत नाहीत हो. शाळा उघडेपर्यंत जागा ठेवते. तोवर कुणाला तरी बोलावून घ्या. नाहीतर सातवीत परत बसवा, काय करणार?”

घरी येताना केतकी माझं बोट धरून चालत होती. तिची पावलं लहान, त्यामुळे मला सावकाश चालावं लागे. मी त्याला सरावलो होतो. वाटेत तिच्या वर्गातल्या मुली भेटल्या. त्या उभ्या राहून आपापसांत बोलल्या, हायस्कूलच्या गणवेशाबद्दल, कुठल्याशा क्लासबद्दल. मुली गेल्यावर केतकी म्हणाली, “बाबा, मला मोठं व्हायची घाई नाही. पण त्या बोलतात ते सगळं माझ्या डोक्यावरून जातं. खरंच वरून जातं. मला त्यांच्या फक्त कोपरांशी बोलावं लागतं.”

तेरा वर्षांची पोर होती ती. सात वर्षांच्या अंगात बसली होती. माझा जीव तुटला. पण तिच्यासमोर दाखवायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं होतं, म्हणून मी म्हणालो, “बघू आपण.”

मामाला फोन केला. तो बिचारा मिळेल त्या गाडीने आला. रिक्षात त्याने सराव केला होता. दारात थबकला, बॅग खाली टाकली, दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाला, “अबबबब! केवढी मोठी झालीस गं!”

आम्ही सगळ्यांनी केतकीकडे बघितलं. तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं. काही झालं नाही.

“जास्त झालं का?” मामाने विचारलं.

“खोटं झालं,” केतकी म्हणाली. “पण छान केलंस, मामा.”

मामाने आणखी दोनदा म्हणून बघितलं. एकदा हळू आवाजात आणि एकदा डोळे पुसत. मग तो चहा पिऊन पायऱ्यांवर जाऊन बसला. त्याला फार लागलं होतं. त्याला मुलगी खरंच आवडायची, रोज फोटो बघायचा तो.

मग मी नगरपालिकेत गेलो. तिथे बालवाढ विभाग आहे. पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी. विभागात एकटे पाटसकर साहेब बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते स्वतः थकलेले होते, ऐकताना त्यांचे डोळे मिटत होते, पण झोपले नव्हते.

“समोरून फोटो काढलेत?” त्यांनी विचारलं.

“बायको नाशिकची आहे.”

“हं.” ते समजल्यासारखं म्हणाले. “असे पुष्कळ येतात आता.”

“एखादा अनोळखी माणूस आणला तर?”

“चालत नाही. अनोळखी माणसाकडे जुनं माप कुठून येणार? तो म्हणेल, मुलगी गोड आहे. गोड म्हटल्याने काय होतं?”

“मग?”

“मोबाईल नसलेलं कुणी नाही का नात्यात?”

एक होती. माझी मोठी बहीण, इंदूअक्का. ती आडगावाला एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्यावर ती फक्त मिस्ड कॉल देते. केतकीला तिने बारशाला आणि त्यानंतर एकदाच, ती दुसरीत असताना, बघितलं होतं. अक्काचं नाव कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. खरं म्हणजे सुचलं होतं. पण अक्का आली की चार दिवस बोलते, आणि मला बोलणं सोसत नाही, म्हणून मी ते नाव मागे ढकलत होतो.

अक्का आली. तेलाचा डबा, चटणी, कुरडया घेऊन आली. सुलक्षणाने केतकीला वेणीफणी करून दारात उभं केलं. अक्काने उंबऱ्याच्या बाहेर पिशव्या ठेवल्या, कमरेवर हात ठेवले आणि केतकीकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“आहे तेवढीच हाय की,” अक्का म्हणाली.

“अक्का,” मी म्हणालो.

“अक्का काय? मागं मी आल्ते तवा पोरीचं डोकं दाराच्या कडीच्या खाली चार बोटं होतं. आजबी चार बोटंच हाय. ये गं माझ्या राणी, कुरडया आणल्यात तुला.”

“अक्का, थोडं विसरली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“मी कशी काय इसरीन?” अक्काला राग आला. “मला तुझ्या बारशाला कोण आलं नव्हतं त्ये बी सांगता येतंय. आणि इसरायचं म्हणतोस? भावाच्या पोरीला इसरायचं?”

ती चार दिवस राहिली. माझ्या बारशाला कोण कोण आलं नव्हतं ते तिने सांगितलं. जाताना केतकीला पोटाशी धरून रडली. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बघितलं. केतकी तिला म्हणाली, “नाही आत्या, तू बरोबर बघितलंस.”

मी पुन्हा पाटसकरांकडे गेलो.

“नातेवाईक संपले,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये मुलीचे फोटो आहेत?”

“नाहीत. मला दुकानात हात काळे असतात, मी फोन बघत नाही.”

“मग तुम्ही जा.”

“कुठे?”

“कुठेही. लांब राहा. तिला बघू नका. आठवण आटू द्या. आटली की परत या, दारात थबका आणि म्हणा. बापाचं चालतं. तुमच्या शेजारच्या सुभेदारांचं नाही का चाललं?”

“मी कधी गाव सोडलं नाही हो, साहेब.”

“सोडत कोणीच नाही हौसेने,” पाटसकर म्हणाले आणि पुन्हा चष्मा लावला.

इचलकरंजीला माझा जुना मित्र शौकत मुल्ला राहतो. तोही स्टोव्ह दुरुस्तीच करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “ये की. काम हाय, खोली हाय. पोरीला विसरायचं तेवढं तुझं तू बघ.”

निघताना केतकी मला एसटीपर्यंत सोडायला आली नाही. तिला मुद्दाम आणलं नाही. शेवटचं बघणं जितकं कमी तितकं बरं, असं आम्ही ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “या बाबा.” मी भिंतीकडे बघत “येतो” म्हणालो.

विसरणं हे काम किती अंगमेहनतीचं आहे हे मला इचलकरंजीत कळलं. पहिली अडचण शर्टाची झाली. केतकी माझ्यापुढे उभी राहिली की तिचं डोकं माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाशी येतं. सकाळी शर्ट घालायला घेतला की खालच्या बटणाशी हात थांबायचा आणि माप आठवायचं. शौकतने मला बिनबटणांचा सदरा दिला. मग पाच लिटरचा कुकर दुरुस्तीला आला. तो खाली ठेवला तर तिच्या गुडघ्याएवढा. गॅसची शेगडी ज्या ओट्यावर ठेवत होतो, तो तिच्या खांद्याएवढा. दुकानात जिकडे बघावं तिकडे केतकीचा कुठला ना कुठला अवयव उभा होता. मी शौकतला सांगितलं, मला फक्त स्टोव्हच्या पिना दे. पिनेएवढं तिचं काही नाही. तो पिना देत राहिला.

“आटलं का रे माप, भालू?” तो रोज जेवताना विचारायचा.

“नाही.”

“तू लई आठवण काढतोस तिची.”

“मी विसरायचा प्रयत्न करतोय.”

“त्येच म्हणतोय मी,” शौकत म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

घरून फोन यायचा. फोनवर बोलायला हरकत नव्हती, आवाजाला उंची नसते. सुलक्षणा दुकानाचं सांगायची, गिऱ्हाईकं कुकर घेऊन परत जातात म्हणायची. मग केतकी फोन घ्यायची.

“विसरलात का, बाबा?”

“थोडं थोडं,” मी खोटंच सांगायचो.

“सावकाश विसरा. दमू नका.”

मी दमलो होतो. एरवीही मी दमलेलाच असतो, पण हा शीण वेगळा होता. दिवसभर कामात राहून, दर क्षणी मनातून एक पोर बाहेर लोटत राहायचं आणि ती दारात तशीच उभी. तिला काय म्हणून लोटायचं? तिची चूक काय? मी शौकतच्या गच्चीवर उन्हात जाऊन बसायचो. ऊन डोक्यावर घेतलं की आठवण पातळ होते असं कुणीतरी सांगितलं होतं. माझी होत नव्हती.

जून जवळ आला. मी एसटीत बसलो. वाटेत डोळे मिटून मी मनातली केतकी लहान करून बघितली. पाळण्यातली केतकी आणून ठेवली. ती उठून उभी राहायची आणि पुन्हा खालच्या बटणाशी यायची.

घराच्या दारात मी मान खाली घालून उभा राहिलो. आत सुलक्षणाची धावपळ ऐकू आली. मग ती म्हणाली, “हं, बघा आता.”

मी मान वर केली.

केतकी दारात उभी होती. सुलक्षणाने तिला हायस्कूलचा नवा गणवेश घातला होता, मोठ्या मापाचा, आशेवर आणलेला. बाह्या हातांच्या पुढे लोंबत होत्या. स्कर्ट जमिनीला टेकला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि मला ती इंचाइंचाने ओळखू आली. मी गेलो तेव्हा जेवढी होती तेवढीच. मनातलं माप आणि समोरची मुलगी, दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसली.

मी तोंड उघडलं. “अ...” म्हणालो. पुढे जाईना. खोटं म्हणायचं नव्हतं, मामाचं झालं होतं तेवढं पुरे होतं. सुलक्षणा वळली आणि शेगडीवर नसलेल्या दुधाकडे बघायला आत गेली. मला एवढंच वाटलं की ज्याला आपलं पोर विसरताही येत नाही तो बाप कसला!

केतकी मात्र माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले होते. मला समजायला उशीर झाला. इतके दिवस तिनेही मला बघितलं नव्हतं. माझे फोटो तर कुणी काढतच नाही. तिच्या मनातलं माझं माप आटत आटत कुठे गेलं होतं कोण जाणे, बहुतेक तिला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवायचो तिथपर्यंत.

“अबब!” केतकी म्हणाली. “बाबा, केवढे म्हातारे झालात!”

तिने लगेच तोंडावर हात ठेवला. लोंबत्या बाहीसकट. पण म्हणून झालं होतं, आणि खरं म्हटलं होतं.

मोठ्यांनाही ते वाक्य लागतं. फक्त आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर असं कुणी म्हणत नाही. ‘बारीक झालात’ एवढंच म्हणायची रीत आहे. पोरीला ते कसं माहीत असणार? माझे केस पांढरे होत गेले, त्याचं काही विशेष वाटलं नाही. गुडघे गेले. मी दाराच्या चौकटीला धरलं. दाढेचा एक तुकडा जिभेवर आला, तो मी खिशात टाकला. आणि मग, इतके दिवस काम करून जे झालं नव्हतं ते झालं. मनातून माप गेलं. बाकी सगळं जागेवर होतं. अक्काचं नाव, कुकरच्या शिट्टीचं वजन, इचलकरंजीची गच्ची. तिचं माप तेवढं राहिलं नाही. तिथे दुपट्यात गुंडाळलेलं, मूठ चोखणारं एक बाळ होतं.

मी दारातल्या मुलीकडे बघितलं. ती उभी होती. आपल्या पायांवर. तिला वेणी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“अबब!” माझ्या तोंडून निघालं. “केवढी मोठी झालीस गं तू!”

बाह्यांतून हात बाहेर आले. स्कर्ट जमिनीवरून उठला आणि गुडघ्यांशी येऊन थांबला. सुलक्षणा बाहेर आली, तिने आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कुणासाठी रडायचं ते न ठरल्यामुळे दोघांसाठी रडली.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाच केतकीला हायस्कुलात घेऊन गेली. मला चालवत नव्हतं. गुरवबाईंनी काउंटरवरून समोर बघितलं. “आता दिसते,” म्हणाल्या आणि नाव घेतलं. केतकीचं डोकं काउंटरच्या चांगलं वर आलं होतं. मैत्रिणींच्या कानाशी तिचे कान आले. त्या बोलतात ते फार काही महत्त्वाचं नसतं, असं तिने घरी येऊन आईला सांगितलं. पण ती खुशीत होती.

ती शाळेतून आली तेव्हा मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. ती समोर आली आणि मी म्हणालो, “अबब, केवढी मोठी झालीस!”

खरंच म्हणालो. दिवसभरात मनात पुन्हा बाळ झालं होतं. ती सुभेदारांच्या धाकट्याएवढी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्याएवढी. गणवेश पुन्हा तोकडा पडला. सुलक्षणाने मला धरून पाटसकरांकडे नेलं.

पाटसकरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काही म्हणाले नाहीत. सभ्य माणूस.

“परत घेता येत नाही का?” सुलक्षणाने विचारलं. “यांचं म्हातारपण?”

“नाही. वाढही परत घेता येत नाही. पुढची थांबवता येईल.”

“कशी?”

“यांना ती दिसू द्यायची नाही. मनात बाळच राहणार यांच्या, त्याला इलाज नाही. समोर आली की हे म्हणणार. घर किती उंच आहे तुमचं?”

सुलक्षणाने हाताने दाखवलं.

“मग नकोच,” पाटसकर म्हणाले.

आता केतकी मागच्या दाराने येते. ती कॉलेजात जायला लागली आहे, मधे एकदा नाटकातही होती म्हणे. मी दुकान शौकतच्या पुतण्याला चालवायला दिलं. दुपारी मी पुढच्या खोलीत असतो, ती भिंतीपलीकडे अभ्यास करते. वहीची पानं उलटलेली ऐकू येतात. कधी कंटाळली तर भिंतीवर टकटक करते आणि विचारते, “बाबा, चहा हवा का?” मी हो म्हणतो. चहा सुलक्षणा आणून देते.

सुरुवातीला मी तिला विचारत असे, “कशी दिसतेस गं आता?” ती सांगायची, “आईसारखी, पण नाक तुमचं.” ते ऐकून मला बरं वाटायचं. पण मनातल्या दुपट्यातल्या बाळाला माझं नाक चिकटायचं आणि ते फार विचित्र दिसायचं. मग मी विचारणं सोडलं.

संध्याकाळी आम्ही एकत्र जेवतो. त्याची पद्धत ठरली आहे. सुलक्षणा ताटं मांडते आणि मला सांगते, मी डोळे मिटून घेतो. मग मागचं दार वाजतं, केतकी आत येते. आधी ती खाली बसते, कारण उभी राहून बोलली तर आवाज वरून येतो आणि मला अंदाज लागतो. बसल्यावर ती माझा हात शोधते. तिने बोटं मिटलेली असतात, म्हणजे हात केवढा झालाय ते मला कळू नये. मी ती मूठ धरून ठेवतो. ती मूठ मला लहानच लागते.

“दमलात का आज?” ती विचारते.

“नाही गं,” मी म्हणतो. मग सुलक्षणा वाढते आणि केतकी मला पहिला घास भरवते.